चार माळांचा धूर

खट्.

घरात पहाटेपासून कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. भांडंसुद्धा वाजलं नव्हतं. त्यामुळे कडी लागल्याचा आवाज चांगलाच ऐकू आला. माझ्याच खोलीची कडी, आणि बाहेरून.

"आत्या?"

आमच्या भागात सासूला आत्या म्हणतात. माझ्या आत्यांचं नाव कस्तुरा. त्या दाराच्या पलीकडेच उभ्या होत्या, बांगड्यांवरून कळत होतं.

"आत्या, कडी चुकून लागली बघा."

"चुकून न्हाई लागली," त्या म्हणाल्या. "घातली."

मला सातवा महिना होता. घड्याळात पावणेआठ झाले होते. आठ वाजून चार मिनिटांनी सूर्याला ग्रहण लागणार होतं. ऊन मोजायची माझी काळी पेटी बाहेर गच्चीवर, स्टुलावर होती. मी फक्त वही आणि पेन्सिल घ्यायला आत आले होते. खोलीला दार हे एकच, गच्चीवर उघडणारं. खिडकीवर आत्यांनी आदल्या संध्याकाळीच गोधडी टांगली होती. "थंडी लई हाय," म्हणाल्या होत्या. जतमध्ये डिसेंबरात थंडी असते हे खरं, त्यामुळे मला शंकाच आली नाही.

"खाटंवर नारळ ठेवलाय," दारातून आवाज आला. "मांडीवर घेऊन सरळ बस. चिरायचं न्हाई, शिवायचं न्हाई, खाजवायचं न्हाई. अकरा वाजता उघडती."

"आत्या, मला नोंदी घ्यायच्यात! तुम्हाला महिनाभर सांगतेय मी."

"मी बी म्हैनाभर ऐकतीया."

हा संवाद आता सांगितला तर विनोदी वाटतो. तेव्हा मला रडू येत होतं. कारण पुण्यातल्या आमच्या संस्थेने ग्रहणासाठी पाच ठिकाणी पाच पेट्या दिल्या होत्या, आणि मी गरोदर आहे हे कळल्यावर आमचे प्रमुख सबनीस सर यांनी फार गोड आवाजात विचारलं होतं, "मग तुमची पेटी साताऱ्याला पाठवू या का? तुम्ही आता विश्रांती घ्या." त्या गोड आवाजात माझी पुढची दोन वर्षांची नेमणूकही साताऱ्याला चालली होती, हे मला नीट ऐकू आलं होतं. मी म्हणाले होते, "सर, एकही नोंद चुकणार नाही." दर तीन मिनिटांनी एक, आठ ते अकरा, अशा साठ नोंदी.

आणि आता माझ्या मांडीवर नारळ.

नवरा सोलापूरला नोकरीला, शनिवारी यायचा. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "आईला दे." मी म्हणाले, "आई दाराच्या पलीकडे आहे." तो जरा थांबून म्हणाला, "मग अवघड आहे," आणि हे बोलताना त्याला हसू आवरत नव्हतं हे मला जतमध्ये बसून दिसलं.

दहा मिनिटं उरली होती. मी दाराला तोंड लावलं.

"आत्या, मग तुम्ही घ्या नोंदी."

पलीकडे बांगड्या थांबल्या.

"मी?"

"तुम्ही गरोदर नाही ना? मग तुम्हाला बाहेर राहायला हरकत नाही. आकडे तुम्हाला वाचता येतात. गॅसचं कार्ड वाचता, लाइटबिल वाचता."

"आगं, गिराणात मी माळ वढत असती. गिराणातला जप हजार पटीनं लागतोय."

"माळ ओढतच घ्या! किती वेळ लागतो एका माळेला?"

"एकशे आठ मण्यांस्नी? तीन मिन्टं. लगीन झाल्यापास्नं तीनच मिन्टं."

मी घड्याळ लावून म्हटलं, ओढून दाखवा. आत्यांनी खरंच ओढली. ॐ नमः शिवाय, ॐ नमः शिवाय, एकाच चालीत, ना घाई ना रेंगाळणं. दोन मिनिटं अठ्ठावन्न सेकंद. पुण्यातलं आमचं एक यंत्र याहून जास्त चुकायचं.

"आत्या," मी म्हणाले, "तुमचाच जप. एक माळ संपली की एक आकडा."

मग आवाज आला. "डबी कशी धरायची सांग. आनी वर बघायला सांगशील तर खाली जाईन."

"वर अजिबात बघायचं नाही! त्या बाबतीत शास्त्र आणि तुम्ही एकच आहात."

पेटी जेवणाच्या डब्याएवढी. एका बाजूला बारीक भोक. त्यातून उन्हाचा ठिपका आत पडतो, तो खुणेवर आणायचा, बटण दाबायचं, आकडा वाचायचा. सरळ सूर्याकडून आपल्यापर्यंत किती ऊन पोचलं, ते तो आकडा सांगतो. चंद्र सूर्याला कोणत्या मिनिटाला किती झाकणार हे गणिताने आधीच ठाऊक होतं. त्याहूनही जास्त ऊन कमी भरलं, तर तेवढं वाटेत हवेतल्या कणांनी अडवलं असं समजायचं. हे सगळं मी दाराच्या फटीतून चार मिनिटांत शिकवलं. नंतर कॉलेजात दोन वर्षं शिकवलं, तेव्हा इतकं चांगलं जमलं नाही.

"कसले कण?" आत्यांनी विचारलं. पहिली माळ सुरू व्हायची होती.

"धूळ, धूर, काजळी. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. काही कण ऊन परत वर भिरकावतात, मग खाली जमीन जरा गार राहते. काजळी ऊन पिऊन घेते, मग हवाच तापते. ढगसुद्धा या कणांवर धरतात. कण बदलले की ढग बदलतात, पाऊस बदलतो."

"म्हंजे आभाळानं झिरझिरीत पदर घेतल्यावानी."

"तसंच."

"आनी आमच्या जतंत पाऊस पडत न्हाई तो ह्या पदरापायी का?"

"तेच शोधतोय आत्या."

"कवा कळंल?"

"दहा-बारा वर्षं लागतील."

"मंग तवर टँकर," म्हणाल्या आणि माळ सुरू केली.

आठ वाजता पहिला आकडा आला. "आठ, एक, दोन!" इतक्या मोठ्याने की शेजारच्या घरातला कुत्रा भुंकला. मी वहीत लिहिलं आणि वेळ घातली. तीन मिनिटांनी पुन्हा, "आठ, एक, चार!" त्यानंतर उतरणीला लागलं.

साताठ माळा झाल्यावर आत्या म्हणाल्या, "पोरी, ह्यो ठिपका एका बाजूनं खाल्लाय गं कुणी. भाकरीचा घास मोडल्यागत."

"तेच ग्रहण आहे. भोकातून सूर्याचंच चित्र पडतंय."

"आगं बया." मग बराच वेळ नुसता जप. मला वाटलं, घाबरून खाली जातात. पण आकडा वेळेवर आला, आणि त्याच्यासोबत हळूच, "बारीक झालाय बिचारा. इतकी वर्सं झाली, पहिल्यांदाच बघितला."

पुढचा तासभर आत्या ग्रहणाचे आकडे तापाच्या पेशंटचे असल्यासारखे सांगत होत्या. "सहाशेवर आलाय… पाचशे… उतरालाय गं, उतरालाय… चारशे वीस. ह्येला काय द्यायचं असतंय का?" आतमध्ये मी एका हाताने नारळ धरून दुसऱ्या हाताने लिहीत होते. पोटातली बाई प्रत्येक ओरडीला लाथ मारत होती.

नऊच्या पुढे खाली जिन्यात पारूअक्कांचा आवाज आला. पारूअक्का म्हणजे शेजारीण, आत्यांची चाळीस वर्षांची मैत्रीण आणि तितक्याच वर्षांची तपासनीस.

"कस्तुरा! गिराणात गच्चीवं? आनी हातात काय ती डबी?"

आता आत्या काय सांगतात म्हणून मी दाराला कान लावला.

"हळू बोल," आत्या म्हणाल्या. "पुण्याच्या मोठ्या सरांनी दिलीया. देवाला गिराणात किती तरास हुतोय ते हिच्यात कळतंय."

"व्हय? किती हुतोय?"

"दोनशे दहा राहिलाय. आठशे हुता."

"अरारा." पारूअक्का पटापट जिना उतरून गेल्या. थोड्या वेळाने परत आल्याचं पावलांवरून कळलं. काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला आणि दाराच्या फटीतून उदाचा वास आला. मला वाटलं, खाली देवघरात लावला असेल. छान वाटलं. मी डोळे मिटून दोन दीर्घ श्वासही घेतले.

"पोरी!" आत्या ओरडल्या. "शंभराच्या खाली! नव्वद आनी सहा!"

"लिहिते! घाबरू नका, आता वर चढेल."

चढला. अकराला तीन मिनिटं कमी असताना शेवटचा आकडा आला. साठ माळा, साठ नोंदी. रस्त्यावरून "दे दान, सुटं गिराण" करत कुणी गेलं. आत्या आंघोळीला गेल्या, डोक्यावरून पाणी घेऊन आल्या, मग कडी काढली. ओल्या केसांनी, तांबारलेल्या डोळ्यांनी समोर उभ्या. उजव्या हाताचं बोट बटण दाबून लाल झालेलं.

"चल, पिठलंभात टाकलाय," म्हणाल्या. "आनी नारळ दे. फोडती."

मी वहीच्या पानांचे फोटो सरांना पाठवले आणि जेवून झोपले.

चार वाजता सरांचा फोन. पाचपैकी चार ठिकाणी ढग आले होते. साताऱ्यालाही. "फक्त तुमचं जत!" सर ओरडत होते. ते कधी ओरडत नसत. "आणि तुम्ही बघितलंत का? नऊ एकवीस ते साडेनऊ! सलग चार नोंदी! चंद्राने जितकं झाकलं त्याहून कितीतरी जास्त ऊन गेलंय! लक्षात येतंय का तुमच्या? ऊन कमी झालं, हवा एकदम गार झाली, ओलावा वाढला, कण पाणी पिऊन फुगले आणि त्यांनी आणखी ऊन अडवलं! हे असं जमिनीवरून कुणी इतकं स्वच्छ पकडलेलं मला तरी ठाऊक नाही. पुढच्या आठवड्यात परिषदेत मांडतोय. निबंधावर पहिलं नाव तुमचं."

माझं पहिलं नाव. मी पलंगावर बसले होते ती उभीच राहिले. सर पुढे नेमणुकीचंही बोलले. दोन वर्षं नाही, तीन.

फोन ठेवला तर दारात आत्या. हातात पेटी, मऊ फडक्याने पुसत होत्या.

"राख बसली हुती जराशी," म्हणाल्या. "पारूनं धुपाटणं आणलं हुतं. म्हटली, देवाला तरास हुतोय तर ऊद दाखवू या. डबीच्या म्होरंच ठेवलं स्टुलावर."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"किती वाजता?"

"घड्याळ कुठं हुतं माझ्याजवळ? अठ्ठाविसावी माळ संपता संपता पारू आली. बत्तिसावी संपायच्या आत ऊद जळून गेला."

मी वही काढली. अठ्ठाविसावी माळ म्हणजे नऊ एकवीस. चार नोंदी. साडेनऊ.

फुगलेले कण नव्हते. पारूअक्कांचा ऊद होता.

मग मी रागावले. सासूवर रागावणं मला त्याआधी कधी जमलं नव्हतं, पण त्या दिवशी जमलं. "कशाला कोंडलंत मला? सर आता तो धूर घेऊन परिषदेला चाललेत! मी बाहेर असते तर हे झालं असतं का? काय होणार होतं मला? ग्रहण म्हणजे चंद्राची सावली! सावलीने बाळाला काही होत नसतं आत्या, आणि हे तुम्हालाही कळतं. आज तीन तास तुम्हीच बघितलंत ना डबीत?"

"व्हय," आत्या म्हणाल्या. "कळतंय मला."

त्यांनी पेटी पलंगावर ठेवली. फडक्याची घडी घातली. परत उलगडली.

"संग्रामच्या आदी मला एक झालं हुतं," त्या म्हणाल्या. संग्राम म्हणजे माझा नवरा. मी तोवर समजत होते की तो थोरला. "वरचा ओठ फाटका हुता त्येचा. दूध वढता येईना. कापसाच्या बोळ्यानं पाजवलं. अकरा दिवस राहिलं."

मी पेटी सरकवली तशा त्या पलंगाच्या कडेला बसल्या.

"म्या पोटुशी हुते तवा असंच मोठं गिराण झालं हुतं. माजी सासू म्हटली, हिनं वांगी चिरली गिराणात. नणंद म्हटली, व्हय, मी बघितलं. मी चिरली हुती का न्हाई, मलाच आता आठवत न्हाई बग. तवा बी आठवत नव्हतं. पर समद्यांनी म्हटल्यावर चिरली असतील."

खाली रस्त्यावर टँकरचा हॉर्न वाजला. आत्यांनी सवयीने तिकडे मान वळवली, पण उठल्या नाहीत.

"मला गिराणाचं भ्या न्हाई, पोरी. पर बाळतपण म्हंजे काय सांगावं. काय थोडं बी कमी-जास्त झालं, तर ही गल्ली काय म्हटली असती? डबी घिऊन गच्चीवं नाचत हुती म्हटली असती. जलमभर." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "म्हणून कडी घातली. पारूला बी दावली, बग, सून आत हाय. आता कुणी काय इचारलं तर मी सांगीन. ती आतच हुती. बाहेर मी हुते."

मी त्यांचा हात धरला. बटण दाबून सुजलेलं बोट माझ्या तळहातात आलं. त्यांनी ते सोडवून घेतलं, कारण त्यांना असलं काही आवडत नाही.

"आता त्या सरास्नी फोन लाव," म्हणाल्या. "माणूस खोटं घिऊन परिषदेला चाललाय."

मी लावला. मी सांगितलं, की सर, त्या चार नोंदींत धूर आहे. घरातला. सर म्हणाले, "घरातला म्हणजे? पेटीसमोर?" मग त्यांचा आवाज वाढत गेला. "तुम्ही शास्त्राच्या विद्यार्थिनी! ग्रहण चालू असताना यंत्रासमोर ऊद! कुणी केला हा मूर्खपणा?"

मी "मी" म्हणायला तोंड उघडलं, तोवर फोन आत्यांच्या हातात होता.

"हालो. मी कस्तुरा बोलतीया. हिची सासू."

पलीकडून एकदम बारीक आवाजात, "नमस्कार."

"नमस्कार. तुमच्या आकड्यात माझा धूर आलाय साहेब. चार माळांचा. तेवढा काढून टाका. बाकीचं छप्पन चोख हाईत."

"माळांचा म्हणजे?"

आत्यांनी सांगितलं. एकशे आठ मणी, तीन मिनिटं, लगीन झाल्यापास्नं. सरांनी मला फोन द्यायला लावला आणि खरं का विचारलं. मी म्हणाले, साठही वेळा मी घड्याळ बघून लिहिलंय, सगळ्यात जास्त फरक चार सेकंदांचा. सर परत आत्यांकडे गेले.

"ऊद किती घातला होता?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आवं, चिमूटभर. दोन बोटांत मावंल एवढा."

"चिमूटभर," सर स्वतःशीच म्हणाले. "चिमटीतल्या उदाने एवढं ऊन अडवलं."

"मंग? सूर्य झाकायला कितीसा धूर लागतोय? डोळ्याम्होरं धरला की झाला."

सर पलीकडे हसायला लागले. आधी दबून, मग चांगलेच. आत्या फोनकडे संशयाने बघत राहिल्या. नंतर त्यांनी मला सांगितलं, "बरा हाय माणूस, पर जरा हलका दिसतोय."

परिषद झाली. फुगलेल्या कणांचा निबंध झाला नाही. छप्पन नोंदींचा एक साधा तक्ता छापून आला, त्यात माझं नाव चौथं होतं. नेमणूक तीन वर्षांची नाही, एकाच वर्षाची झाली. पण पेटी साताऱ्याला गेली नाही. सरांनी पुढच्या पत्रात दोन ओळी घातल्या होत्या, की पुन्हा नोंदी घेताना निरीक्षक म्हणून त्याच बाईंना घ्यावं, आणि ऊद दूर ठेवावा.

मार्चमध्ये जुई झाली. दवाखान्यात नर्सने तिला आणून दिलं, तेव्हा आत्यांनी आधी दुपटं बाजूला करून तिचा वरचा ओठ बोटाने हलकेच चाचपला. मग म्हणाल्या, "नाक आमच्याकडचं हाय."

आता जुई सहा वर्षांची आहे. ही गोष्ट तिला फार आवडते. नारळाचं आणि पारूअक्कांचं ती स्वतःच करून दाखवते. "दोनशे दहा राहिलाय!" म्हणत पलंगावर उड्या मारते. अकरा दिवसांच्या बाळाचा भाग मी नेहमी गाळते. पण काल दुपारी तिच्या वेण्या घालता घालता, कशी कोण जाणे, तो भागही सांगून गेले. तिने वेणी माझ्या हातातून ओढून घेतली आणि वळून बघितलं.

"त्या बाळाचा ओठ कशाने फाटला होता?"

"असाच. पोटातच होतो कधी कधी. कुणाच्या काही करण्याने होत नाही."

"वांग्याने नाही?"

"छे गं. वांग्याने कसा होईल?"

"ग्रहणाने पण नाही?"

"ग्रहणाने पण नाही."

पलीकडच्या खोलीत तिची आजी शेंगा फोडत बसली होती. एकेक टरफल ताटलीत पडत होतं. जुईने थोडा वेळ तो आवाज ऐकला. मग माझ्या कानाशी तोंड आणून, अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "मग हे तू आजीला सांगितलंस का?"